गाण्याचा सातबारा

सुपरवायझर हा शब्द ऐकला की माझ्या डोळ्यांसमोर अजून दहावीचा हॉल उभा राहतो. हातात पुरवण्यांचा गठ्ठा घेऊन बाकांमधून मांजराच्या पावलांनी फिरणारे, कॉपी पकडण्यासाठीच जन्माला आलेले गृहस्थ. त्यामुळे आमच्या चित्रपटाला म्युझिक सुपरवायझर लागणार, असं दिग्दर्शकाने सांगितलं तेव्हा मी विचारलं, "का रे? संगीतकार कॉपी करतो की काय?"

"तो नाही," दिग्दर्शक म्हणाला. "तू."

मी म्हणजे पटकथालेखक. आणि माझा गुन्हा एवढाच, की पहिल्याच प्रसंगात मी लिहून ठेवलं होतं : 'पहाट. नानांच्या खोलीत रेडिओवर जुनं भावगीत लागलंय.' पुढे तर मी सुटलोच होतो. देवळात अभंग, वरातीत बँड, रसवंतीच्या स्पीकरवर काहीतरी उडतं. लेखकाला गाणं वाजवायला खर्च शून्य. एक ओळ खरडली की झालं. ही गाणी आपण जन्मापासून ऐकतो, तेव्हा ती आपलीच, अशी माझी प्रामाणिक समजूत होती.

मॅडम आल्या. तिशीतल्या, आवाजाने मवाळ, बोलताना 'सर' लावणाऱ्या. अंधेरीतल्या आमच्या खुराड्याएवढ्या ऑफिसात त्यांनी लॅपटॉप उघडला. त्यात माझ्याच पटकथेचा तक्ता होता, पण मला तो तपासून आलेल्या उत्तरपत्रिकेसारखा दिसला. गाणं कुठलं, किती सेकंद, शब्द कोणाचे, चाल कोणाची, रेकॉर्डिंग कोणाचं. बहुतेक रकान्यांत प्रश्नचिन्हं.

"सर, वरातीत बँड कुठलं गाणं वाजवतो?"

"जे वाजवतात ते."

"जे वाजवतात ते कोणाचं तरी असतं, सर."

मग त्यांनी आम्हाला समजावलं. गाणं हे एक नसतं. शब्द-चालीचा हक्क वेगळा, आणि ते ज्या रेकॉर्डिंगमधून आपल्या कानावर येतं त्याचा वेगळा. चित्रपटात मूळ रेकॉर्ड वाजवायची तर दोन्हीकडे जायचं, दोन्हीकडे पैसे मोजायचे. मी आणि दिग्दर्शक, दोघे पदवीधर, माना हलवत होतो आणि आम्हाला काही कळत नव्हतं. कळलं ते निर्मात्यांना. आमचे निर्माते ऊस-वाहतुकीतून या धंद्यात आले. ते एकदम सावरून बसले.

"म्हंजी गाण्याचाबी सातबारा असतो म्हना की! जिमीन एकाची, हीर दुसऱ्याची, आन वारस लागल्यात पन्नास."

"अगदी तसंच, साहेब," मॅडम म्हणाल्या. त्या दिवसापासून निर्माते त्यांच्या पक्षात गेले आणि मी एकटा पडलो.

मी अभंगाचा मुद्दा काढला. तुकोबांना तरी पैसे द्यायचे नाहीत ना? मॅडम म्हणाल्या, तुकोबांना नाही. पण चाल कुठली? मी म्हटलं, लताबाईंनी गायलेली, आपली नेहमीची. मॅडमनी क्षणभरही विचार केला नाही. "ती चाल श्रीनिवास खळे यांची. खळेकाका गेले 2011 साली. कायद्याने मृत्यूनंतर 60 वर्षं. म्हणजे 2071 संपेपर्यंत."

"आपलं रिलीज दिवाळीला आहे," दिग्दर्शक म्हणाला.

मला हळूहळू कळलं, की या बाईंना संगीतातल्या तमाम मंडळींच्या पुण्यतिथ्या पाठ आहेत. आमच्या घरच्या गुरुजींनाही आमच्या पूर्वजांच्या इतक्या नसतील. मी पहिल्या प्रसंगातल्या भावगीतासाठी गदिमा-बाबूजींचं नाव घेतलं, तर त्यांनी लगेच श्राद्धपक्ष मांडला : माडगूळकर 1977, म्हणून शब्द 2037 संपल्यावर मोकळे, फडके 2002, म्हणून चाल 2062 संपल्यावर. मधली पंचवीस वर्षं गाणं नुसतं वाचायचं. आणि या 60 वर्षांचीही एक गोष्ट आहे म्हणे. पूर्वी ती 50 होती. रवींद्रनाथ गेले 1941 साली. त्यांचं साहित्य मोकळं व्हायची वेळ आली तेव्हा कायदा बदलून दहा वर्षं वाढवली. रवींद्रनाथ आपल्या सिनेमाच्या बजेटला असे आडवे येतील, असं शाळेत 'गीतांजली'वर टीप लिहिताना वाटलं नव्हतं.

इथे आमचे प्रॉडक्शन मॅनेजर पुढे सरसावले. प्रत्येक युनिटमध्ये असा एक सर्वज्ञ असतो. "पाच सेकंदांपर्यंत काय लागत नाही, मॅडम. सगळे वापरतात."

"हे कुठे लिहिलंय?"

"लिहिलेलं नाही. सगळे म्हणतात."

"सगळे कोर्टात साक्षीला येतात का, सर?"

मॅनेजर तात्पुरते मागे सरले. वरातीच्या वेळी पुन्हा उगवले, या खेपेला कायद्याची बातमी घेऊन. आणि गंमत म्हणजे बातमी खरी होती. 1957च्या कॉपीराइट कायद्याच्या 52व्या कलमात लग्नाच्या वरातीत गाणी वाजवायला सूट आहे. मॅडम म्हणाल्या, "आहे ना. पण खऱ्या वरातीला. तुमचं लग्न खोटं आहे."

"मग खरं लावू!" मॅनेजर म्हणाले. "माझ्या पुतण्याचं जमतच आलंय. हॉलचा खर्च प्रॉडक्शनचा."

लग्न खरं असलं तरी सिनेमा खोटाच राहील आणि सूट सिनेमाला नाही, हे त्यांना पटवायला चहाचे दोन राउंड लागले. पुतण्याचं लग्न पुढे त्याच्या वडिलांच्या खर्चाने झालं.

एवढं सगळं समजून-उमजून आम्ही वाईजवळच्या एका वाड्यात शूटिंगला गेलो आणि तरी फसलोच. प्रसंग असा : नाना बायकोची आठवण काढून रडतात. आमच्या ज्येष्ठ नटाने पहिल्याच टेकला असं काही केलं, की लाइटवाले पोरगेसुद्धा डोळे पुसत होते. दिग्दर्शकाने त्याला मिठी मारली. पुढे एडिटमध्ये मॅडमनी हेडफोन लावून तो प्रसंग ऐकला. डोळ्यांत पाणी वगैरे काही नाही.

"सर, नाना रडतायत त्याच्या मागे कोणीतरी हळदीत नाचतंय."

खरंच होतं. दोन गल्ल्या पलीकडे डीजे लागला होता. बारीक, पण गाणं ओळखू येईल इतका. "वातावरण आहे ते!" दिग्दर्शक केविलवाणा होऊन म्हणाला. मॅडमनी त्या वातावरणाचा अंदाजे दर सांगितला. त्या रकमेत आमच्या अख्ख्या युनिटचं महिनाभराचं जेवण झालं असतं, आणि तेही कुणा परक्याच्या हळदीपायी. शेवटी ज्येष्ठ नटाला मुंबईत डबिंगच्या काचेमागे उभं करून, सकाळी अकरा वाजता, बिस्किटं खाऊन झाल्यावर पुन्हा रडवलं. तो चांगला रडला. पण वाड्यात रडला होता तसा नाही, हे मी आजही सांगेन.

नातीच्या वाढदिवसाचं 'हॅपी बर्थडे' मात्र सुटलं. अमेरिकेत एक बडी कंपनी वर्षानुवर्षं त्याचे पैसे गोळा करत होती. 2015 साली तिथल्या न्यायाधीशाने तिचा दावा उडवला आणि पुढे 1 कोटी 40 लाख डॉलरवर तडजोड झाली. म्हणजे आमच्या अस्सल ग्रामीण मराठी चित्रपटात बिनपैशाने गाता आलेलं एकमेव गाणं इंग्रजी.

राहिला नानांचा रेडिओ. मी शेवटचा डाव टाकला : गाणं नको, आकाशवाणीची ती पहाटेची धून घेऊ. मॅडम म्हणाल्या, ती वॉल्टर कॉफमन यांची मानतात, ते मुंबई आकाशवाणीत होते. मी हात जोडले. "साल सांगा." "1984, सर."

मग लॅपटॉप मिटून त्यांनी मला एक प्रश्न विचारला, जो गेल्या दीड वर्षात दिग्दर्शकाने विचारला नव्हता आणि मीही स्वतःला विचारला नव्हता. "नाना रेडिओ लावतात तो गाण्यासाठी, की घरात कोणाचा तरी आवाज असावा म्हणून?"

हे नाना म्हणजे माझे आजोबा. आजी गेल्यावर ते पहाटे रेडिओ लावायचे आणि स्टेशन नीट लागलं नाही तरी बंद करायचे नाहीत. मी मॅडमना तसं सांगितलं. चित्रपटात आता ती नुसती खरखर आहे. आमच्या साउंडवाल्याने जुन्या मर्फीवर स्वतः रेकॉर्ड केलेली, एक मिनिट दहा सेकंद. तक्त्यात त्या ओळीपुढे मॅडमनी लिहिलं : 'हक्क : आपलेच.' एका समीक्षकाने त्या खरखरीवर अख्खा परिच्छेद लिहिला. श्रेय दिग्दर्शकाला दिलं, ते असू दे.

पहिल्या खेळाला मी आत्याला घेऊन गेलो होतो. नानांची लेक. तिने सगळा चित्रपट पदर तोंडाशी धरून पाहिला. बाहेर आल्यावर बराच वेळ काही बोलली नाही. रिक्षात बसताना म्हणाली, "एवढा पिक्चर काढलात, तेवढा नानांचा रेडिओ दुरुस्त करून घ्यायचा होता रे. किती चांगली गाणी लागायची त्याच्यावर."