जर्सीकाका

खेळाडू खेळायचा थांबला की त्याला शाल, श्रीफळ आणि उशिरा आलेल्या प्रमुख पाहुण्याचं लांबलेलं भाषण मिळतं. त्याच्या जर्सीचं पुढं काय करायचं, हे बेळगावच्या आमच्या शहापुरात जर्सीकाका ठरवतात. हा अधिकार त्यांना कुणी दिला, असं विचारण्यात अर्थ नाही. लग्नात पहिल्या पंगतीला कोण बसणार हे ठरवणारा माणूस कुणी नेमलेला असतो काय? तो असतोच.

संध्याकाळी काका नाथ पै चौकाजवळ चहाच्या गाड्यावर सापडतात. साठी कधीच उलटलेली, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, इस्त्रीचा शर्ट आणि खिशात घड्या पडून पडून चार तुकडे व्हायच्या बेताला आलेला एक कागद. त्यावर शहापूर-बेळगावच्या जुन्या बास्केटबॉल खेळाडूंची नावं आहेत. नाव निळ्या शाईत, त्यावर तांबड्या शाईची काट आणि काटेशेजारी बारीक अक्षरात त्याची जर्सी निवृत्त का करायची नाही याचं कारण. कारणं वाचायला आपल्याला चष्मा लागतो, काकांना ती पाठ आहेत.

विषय काढायला त्यांना निमित्त लागत नाही. समोरून गेलेल्या रिक्षाच्या पाठीवर ७ दिसला तरी पुरतो. “धोनीचा. बोर्डानं २०२३ ला काढून ठेवला. बरोबर केलं. पण सचिनचा १०? त्यात घोळ घातला.” मग शार्दुल ठाकूर येतो. पालघरचं ते पोर २०१७ साली कोलंबोला पहिल्या वन-डेत १० नंबर घालून उतरलं आणि देशभर असा गहजब झाला, की पुढं ते ५४ घालून खेळायला लागलं. काकांच्या मते चूक पोराची नव्हती, कपाटाची होती. “जर्सी निवृत्त करायची तर आधी कपाटाला कुलूप लाव की! नुसतं मनातल्या मनात निवृत्त केलास तर कोण तरी घालणारच.”

पण क्रिकेट हा काकांचा जोडधंदा. खरा जीव बास्केटबॉलमध्ये, आणि त्यातही अमेरिकेच्या एनबीएमध्ये. तिथले संघ थोर खेळाडूचा नंबर कायमचा बंद करतात आणि त्याचं निशाण स्टेडियमच्या छताला टांगतात. बिल रसेलचं नाव घेताना काका चहाचा ग्लास खाली ठेवतात. तेरा हंगामांत अकरा विजेतेपदं. २०२२ साली तो गेल्यावर त्याचा ६ नंबर एकट्या त्याच्या बॉस्टन संघानं नव्हे, सगळ्या लीगनं बंद केला. इथे काकांची हरकत नाही. कोबी ब्रायंटचे मात्र लेकर्सनी ८ आणि २४ असे दोन्ही नंबर निवृत्त केले, ते त्यांना खपत नाही. “एका माणसाला एकच मत असतंय. मग नंबर दोन कसे?” सॅक्रॅमेंटोच्या संघानं ६ नंबर प्रेक्षकांच्या नावानं निवृत्त केलाय, हे तर त्यांना सांगूच नये. “प्रेक्षकांनी काय केलं? बसले!”

आणि मायामी. मायामी हीटनं २००३ साली मायकल जॉर्डनचा २३ नंबर निवृत्त केला. जॉर्डन मायामीकडून एक मिनिटसुद्धा खेळलेला नाही. हे वाक्य काका दोनदा म्हणतात, दुसऱ्यांदा चहावाल्याकडे बघून. “ज्यानं त्या टीमकडून बॉलला हात लावला नाही, त्याची जर्सी वर टांगायची? खूळ लागलंय काय त्यांना?” चहावाला दर वेळी मान हलवतो. त्याला उधारी वसूल करायची असते.

हॉकीचा विषय निघाला की काका मवाळ होतात. श्रीजेशचा १६ नंबर हॉकी इंडियानं २०२४ मध्ये सीनियर संघातून काढला, त्याला त्यांची संमती आहे. तिथून गाडी थेट १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकला जाते. अंतिम सामन्यात पाकिस्तानवर १-० असा विजय, संघात बेळगावचे बंडू पाटील, आणि गोलात उभे मराठा लाइट इन्फन्ट्रीचे शंकर लक्ष्मण. “ह्यांना काट नाही,” काका म्हणतात. मग सुस्कारा. “पण दोघंबी हॉकी खेळले.” म्हणजे त्यांच्या अधिकाराबाहेर.

अधिकारातले सगळे बाद आहेत. ज्याचा लेअप कधी चुकला नाही असं सगळी गल्ली सांगते, त्याच्या नावापुढं लिहिलंय: पुण्याला गेला. “पुण्यानं करावी की त्याची निवृत्त!” दुसरा एक अप्रतिम पासर, तो कुठंच गेला नाही. सराफ कट्ट्यावर रोज दिसतो, भेटला की हात करतो. त्यालाही काट. “रोज दिसणाऱ्या माणसाला काय निवृत्त करायचं?” एकाचं नाव शर्ट आत खोचत नव्हता म्हणून गेलं, एकाचं पुढं क्रिकेटला फितूर झाला म्हणून.

एकदा शेजारची एक वहिनी तिथं उभी होती. कॉलेजला असताना तीही खेळलेली. ती म्हणाली, “काका, यादीत बाई एकपण नाही काय?”

काकांनी कागद उलटापालटा केला. “तुमची टीम चांगली होती की. तुझाच नंबर सांग, लिहितो.”

“नंबर कुठला? मुलांची मॅच झाली की त्यांच्याच घामेजलेल्या जर्स्या आम्हाला द्यायचे. ज्या हाताला लागेल ती घालायची.”

काका विचारात पडले. “मग तांत्रिक अडचण आहे,” म्हणाले.

तांत्रिक अडचण खरं तर सगळ्यांनाच होती. अमेरिकेचं सोडा, फिबा या बास्केटबॉलच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमात कित्येक वर्षं जर्सीचे नंबर ४ ते १५ एवढेच असत. पंच एक, दोन, तीन बोटं गुणांसाठी दाखवतात, तेव्हा गोंधळ नको म्हणून सुरुवातच चारापासून. बारा खेळाडू, बारा नंबर. कट्ट्यावरच्या एका पोरानं हिशेब मांडला, की काकांनी मन मोठं करून सात जणांचे नंबर बंद केले, तर मैदानात पाच उरतील आणि बाकावर कुणीच नाही. २०१४ नंतर शून्यापासून ९९ पर्यंत नंबर चालायला लागले, म्हणजे प्रश्न मिटला असं आपल्याला वाटेल. काकांना तो ऱ्हास वाटतो. “नव्व्याण्णव नंबर मिळायला लागले तर कोण कशाला जपेल?”

आमच्याकडे जर्सी जपायची पद्धत वेगळीच. थोरल्याची धाकट्याकडे, धाकट्याची चुलतभावाकडे आणि शेवटी रंगपंचमीला. शहापूर पूर्वी सांगली संस्थानात, त्यामुळे बेळगाव धुळवडीला रंगतं आणि आम्ही पंचमीला. हौशी पोरं दोन्हीकडे खेळतात आणि दोन्हीकडे अंगात तीच जुनी जर्सी असते. दोन रंग खाऊन बाहेर पडलेल्या जर्सीवरचा नंबर ८ होता की ३, हे तिच्या मालकालाही सांगता येत नाही. पुढं ती मोटारसायकल पुसायला जाते. एवढी सेवा केल्यावर निवृत्तीचा वेगळा समारंभ कशाला, असा माझा आपला एक प्रश्न आहे. तो मी काकांना विचारलेला नाही.

तर यंदा आमच्या मंडळाच्या पोरांनी ठरवलं, की एक तरी जर्सी निवृत्त करायचीच. बैठक बसली, काका अर्थातच अध्यक्ष. पहिला प्रश्न आला, टांगायची कुठं? अमेरिकेत छत असतं. आमचं कोर्ट उघडं, आणि बेळगावचा पाऊस आषाढ संपेपर्यंत जर्सीचं दोरखंड करून ठेवील. काच लावून मंडळाच्या खोलीत ठेवायचं ठरलं. मग खाली नाव लिहायचं निघालं. एकानं आठवण करून दिली, की कर्नाटकाच्या नियमानं फलकावर साठ टक्के कन्नड पाहिजे. दुसरा म्हणाला, तो नियम बाहेरच्या फलकाला, आतल्या चौकटीला नाही. तिसरा म्हणाला, आत-बाहेर कोण ठरवणार? अर्धा तास कायद्याचा खल झाला. शेवटी कुणीतरी तोड काढली: नाव नको, नुसता आकडा लावू. सगळ्यांना पटलं. तेवढ्यात मागून प्रश्न आला, “आकडा मराठीत की कानडीत?” आणि चहा मागवावा लागला.

चहा येईपर्यंत पोरांनी माळ्यावरची जुनी ट्रंक खाली घेतली. एके काळचा अख्खा संच त्यात होता, म्हणे. ४ नंबरच्या जर्सीला काखेत भोक, ७ ची फक्त पाठ उरलेली, ९ ला गुलाल आणि ग्रीस, ११ त उंदरांनी संसार केलेला. एकेक बाहेर निघत होती आणि काका कागदावर बोट ठेवून मालकाचं नाव सांगत होते. कुणाच्या कुठल्या मॅचला कुणाचं कोपर लागलं आणि तो डाग घामाचा की रक्ताचा, इथपर्यंत सगळं त्यांना ठाऊक. काट मारलेल्या माणसांबद्दल ते इतकं बोलतात, हे त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

तळाशी एक जर्सी निघाली, कडक घडीची. रंग जसाच्या तसा, शिवण शाबूत, नुसता डांबरगोळीचा वास. नंबर १५.

“ही कुणाची?” पोरानं विचारलं.

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. “माझी.”

“एवढी नवी कशी राहिली ओ काका?”

बाकावरचा बारावा खेळाडू हे काही त्यांनी सांगितलं नाही. सांगावं लागलंही नाही. पोरं एकमेकांकडे बघायला लागली. चौकटीत बसण्यासारखी ट्रंकेत दुसरी जर्सीच नव्हती. आणि काकांच्या कागदावर ४ ते १४ सगळ्यांना काट होती, १५ समोर जागा कोरी.

काका बराच वेळ त्या जर्सीची घडी सारखी करत बसले. मग कुणाकडेही न बघता म्हणाले, “मायामीचं तसं अगदीच चुकलं होतं असं नाही म्हणा. त्यांनी जॉर्डनचा मान राखला, एवढंच की.”

“म्हणजे ही लावायची?”

“मी काय सांगणार? मी अध्यक्ष आहे, मला मत नाही.” आणि चहाचा ग्लास उचलता उचलता, “काच मात्र चांगली बघून आणा. खडेबाजारात मिळते, जाड. पैसे कमी पडले तर मी घालतो.”