तापमापकाचे सुख

उन्हाळ्यात सर्वांत सुखाची सरकारी नोकरी कोणाची? लोक मंत्रालयातल्या थंडगार दालनांकडे बोट दाखवतील. पण खरे सुख हवामान खात्याच्या तापमापकाचे. त्याला राहायला पांढरी लाकडी पेटी मिळते. चारी बाजूंना दुहेरी झडपा. वारा आत, ऊन बाहेर. पेटी जमिनीपासून चारेक फूट उंच, शक्यतो हिरवळीवर. दार उत्तरेला, म्हणजे आकडा वाचायला कर्मचारी आला तरी त्याच्यामागून ऊन आत शिरायला नको. दीपगृहे बांधणारे स्कॉटिश अभियंते थॉमस स्टीव्हन्सन यांनी 1864 मध्ये ही सोय करून ठेवली. ‘ट्रेझर आयलंड’ लिहिणारे रॉबर्ट लुई हे त्यांचेच चिरंजीव. पण खजिना वडिलांनी तापमापकाला दिला.

तेव्हा ‘चंद्रपूर 45 अंश’ अशी बातमी येते, ते 45 सावलीतले असतात. बाहेर रस्त्यावर डांबर ओतणाऱ्याच्या वाट्याला किती आले, ते कोणी मोजत नाही. योग्यच आहे. उगाच घबराट पसरायची.

मे 2024 च्या अखेरीस नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राने थेट 56 अंश दाखवले. खात्याने तपासणी केली आणि संवेदक बिघडल्याचे जाहीर केले. यंत्र भलतेच बोलू लागले की तपासणी होते. उन्हात राबणारा माणूस भलतेच बरळू लागला, तर ‘सकाळीच लावून आलाय’ म्हणतात. बरळणे हे उष्माघाताचे लक्षण आहे, हे उन्हापासून बचावाच्या सरकारी पत्रकात छापलेले असते. पण पत्रक कार्यालयाच्या भिंतीवर असते आणि माणूस नाक्यावर.

पत्रकातल्या सूचना मात्र उत्तम. दुपारी 12 ते 4 घराबाहेर पडू नये. मी हे कसोशीने पाळतो. दोन वाजता मोबाइलवरून ताक मागवतो, दहा मिनिटांत दारात हजर. आणणारा पोरगा त्या वेळी बाहेर काय करतो, हा त्याच्या शिस्तीचा प्रश्न. सैल, फिकट, सुती कपडे घालावेत. म्हणून कंपनीने त्याला गडद रंगाचा, घाम न शोषणारा टीशर्ट दिला आहे. भरपूर पाणी प्यावे. पण बांधकामावरची बाई घोटघोटच पिते, कारण माठ आहे आणि स्वच्छतागृह नाही. घरातच थांबावे. पण घरावर पत्रे असतील तर थांबावे की पळावे, याबद्दल पत्रक मौन पाळते. जागोजागी पाणपोया आहेतच. त्यांत पाणी नसले तरी वरच्या फ्लेक्सची सावली पडते. लोकप्रतिनिधीने आणखी काय करावे?

16 एप्रिल 2023 ला खारघरच्या मैदानावर ‘महाराष्ट्र भूषण’ पुरस्काराचा सोहळा झाला. मंचावर छप्पर होते, मैदानावर नव्हते. सत्कारमूर्तींचे लाखो अनुयायी भर उन्हात बसले होते. त्यांतल्या 14 जणांचा उष्माघाताने बळी गेला. पारा जेमतेम 38 च्या आसपास होता, म्हणजे पेटीतल्या तापमापकाला काळजीचे कारण दिसले नसावे. किनारपट्टीवर हवेत दमटपणा असतो, घाम वाळत नाही आणि घाम वाळला नाही तर शरीर निवत नाही, हे पाऱ्याला कळत नाही. पुढे उघड्यावरच्या दुपारच्या कार्यक्रमांना मनाई झाली. उघड्यावरच्या दुपारच्या कामाला मात्र झाली नाही. कामावर पाहुणे येत नाहीत.

म्हणून आमची साधी मागणी आहे: उन्हात राबणाऱ्या प्रत्येकाला तापमापक घोषित करावे. म्हणजे सावली, वारा आणि उत्तरेचे दार आपोआप लागू होईल. ठरल्या वेळी कोणीतरी येऊन त्याच्याकडे बघेल. तो बिघडला तर लगेच दखल घेतली जाईल: सावलीत नेतील, कपडे सैल करतील, अंगावर पाणी मारून वारा घालतील, 108 ला फोन करतील. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी ओतणार नाहीत. महागड्या उपकरणाशी कोणी असे वागत नाही.

प्रस्तावाला तत्त्वतः मान्यता मिळाल्याचे आमच्या कल्पनेतल्या सूत्रांनी सांगितले. निधी मार्चअखेरीस मंजूर होईल, ठेकेदार एप्रिलमध्ये नेमला जाईल आणि नाक्यानाक्यावर पेट्या बसवण्याचे काम मे महिन्यात, दुपारी 12 ते 4 या वेळेत, रोजंदारीवरच्या मजुरांकडून युद्धपातळीवर पूर्ण करून घेतले जाईल.