वायरमन खरा

शहागडात माणूस फोनमध्ये आडनावाने राहत नाही. तो कामाने राहतो, गावाने राहतो, नाहीतर शेवटच्या भांडणाने. एकाच फोनमध्ये ‘वायरमन’, ‘वायरमन नवा’ आणि ‘वायरमन खरा’ असे तिघं नांदतात. विजेची डीपी जळाली की तिसऱ्यालाच लावायचा. गाव अंबड तालुक्यातलं, गोदावरीच्या काठावर, सोलापूर-धुळे महामार्गावर. पूल ओलांडला की बीड जिल्हा, गेवराई तालुका. म्हणून ‘जेसीबी अलीकडचा’ आणि ‘जेसीबी पलीकडचा’ अशाही नोंदी असतात. मध्ये गंगा आहे, हे इथं कुणाला सांगावं लागत नाही.

हे सगळं ज्याच्या-त्याच्या खिशात होतं तोवर ठीक होतं. मग आमच्या ओळखीच्या एका कृषी सेवा केंद्राच्या शेठने तीन फोनांना एकच गूगल खातं जोडलं: एक गल्ल्यावरचा, एक गोदामातल्या पोराचा, एक टेम्पोवाल्याचा. हेतू चांगला होता. कुणी सुटीवर गेलं तरी गिऱ्हाइकाचा नंबर अडू नये. मोठ्या कंपन्यांत असंच तर असतं. दोन अक्षरं टाइप केली की पूर्ण नाव, हुद्दा, विभाग, सगळं इस्त्री करून पुढं. त्यामागं १९८८ सालचं एक्स.५०० नावाचं प्रमाणक आहे. ते फार अवजड, म्हणून मिशिगन विद्यापीठातल्या मंडळींनी १९९३ साली त्याची सुटसुटीत आवृत्ती काढली, एलडॅप. त्या वहीत ‘उपव्यवस्थापक (प्रशासन)’ सापडतो. तो फोन उचलतो की नाही, हे मात्र सापडत नाही.

शेठच्या दुकानाच्या वहीत नेमकं तेवढंच सापडू लागलं. शेठने ज्याला ‘काका, दोन एकर मोसंबी’ म्हणून ठेवलं होतं, तो गोदामात ‘युरिया वीस’ होता आणि टेम्पोवाल्याकडे ‘चिंच, डावीकडे, कुत्रं’. टेम्पोवाल्याचं चुकलं असं मला वाटत नाही. रात्री खत उतरवायला जाणाऱ्याला माणसाच्या वडिलांच्या नावापेक्षा त्याच्या कुत्र्याची माहिती जास्त उपयोगाची. पण खातं एक झालं, दुहेरी नोंदी एकत्र करू का, असं फोनने विचारलं, शेठ हो म्हणाला, आणि एक भला बागायतदार ‘काका मोसंबी युरिया चिंच कुत्रं’ होऊन बसला.

खरी पंचाईत झाली ती गल्ल्यावर. एका गिऱ्हाइकाने नंबर बरोबर आहे का बघायला समोर उभं राहूनच मिसकॉल दिला. पडद्यावर टेम्पोवाल्याची नोंद उगवली: ‘गोड बोलतो, पैसे नाही’. गिऱ्हाइकाने ती उलट्या बाजूने वाचली. दोन क्षण सगळे युरियाच्या भावफलकाकडे बघत राहिले. मग तो म्हणाला, “नाव बदला शेठ, अर्धे आत्ता देतो.” वसुलीसाठी पाठवलेल्या कुठल्याही पत्राने एवढं काम केलं नसतं.

याला गावंढळपणा म्हणणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं. १८७८ साली अमेरिकेतल्या न्यू हेवनला पहिली टेलिफोन डिरेक्टरी निघाली ती एका पानाची. त्यात पन्नासेक नावं होती, घरं, डॉक्टर, दुकानं अशी धंद्यावार लावलेली. नंबर एकही नव्हता. एक्सचेंजवाल्याला माणसंच ठाऊक होती. म्हणजे शहागडची रीत अगदी मुळातली आहे. बिघडलं ते इतकंच, की एकाचा कानमंत्र तिघांच्या पडद्यावर गेला.

शेठने नंतर चिडून निम्मी वही पुसली, आणि ती तिन्ही फोनांतून एकदम गेली. सामाईक खात्याचा हा गुण कुणी आधी सांगत नाही. गूगल पुसलेली नावं तीस दिवस राखून ठेवतं, म्हणून निभावलं. आता दुकानात नियम आहे: नाव, गाव, पिकाचं नाव, एवढंच लिहायचं; शेरे ज्याने-त्याने डोक्यात ठेवायचे.

तुमच्या कार्यालयातही कुणी वही सामाईक करायला निघालं असेल, तर आधी घरी बसून आपल्या नोंदी एकदा वाचून काढा, आणि ‘उचलू नये’ या नावाखाली ठेवलेला साडू सर्वांत आधी दुरुस्त करा.