किरकोळराव

प्रत्येक कंपनीच्या आयटी विभागात एक किरकोळराव असतोच. रात्री सर्व्हरवरच्या फाइली बॅकअपच्या मशीनवर नेणारे जॉब त्याच्या ताब्यात. सकाळी स्क्रीनवर लाल ओळ दिसली की आपल्या पोटात गोळा येतो. किरकोळराव मात्र खुर्चीत मागे रेलतो, चहाचा घोट घेतो आणि निकाल देतो, "किरकोळ आहे हो!"

माणूस अडाणी नाही, हीच खरी अडचण. फाइली कॉपी करणाऱ्या आरसिंकने शेवटी २४ आकडा दिला, तर यादी करताना असलेली फाइल कॉपीच्या वेळी जागेवर नव्हती, एवढाच त्याचा अर्थ, हे त्याला पाठ आहे. "कुणाची तरी टेम्पररी फाइल असणार, पुसली गेली. तिचं सुतक कशाला पाळायचं?" विंडोजच्या रोबोकॉपीवर तर त्याचा विशेष जीव. ती १ आकडा देते तेव्हा फाइली सुखरूप पोचलेल्या असतात. पण शून्यालाच यश मानणारा शेड्यूलर तिला नापास करून टाकतो. ८ च्या खालचं सगळं पास, हे किरकोळरावानेच नव्या साहेबांना समजावलं. साहेबांनी भर मीटिंगमध्ये पाठ थोपटली. बिघडला तो तिथून.

मग ८ लाही तो "काठावर पास" म्हणू लागला. २३ तर २४ चा सख्खा शेजारी! वास्तविक २३ म्हणजे काही फाइली गेल्याच नाहीत. पण रोज येणारी तक्रारीची मेल वाचणार कोण? त्याने आधी त्या मेलना वेगळ्या फोल्डरात धाडलं. तरी लाल दिसतंच, म्हणून स्क्रिप्टमधल्या कमांडला 'ऑर ट्रू' जोडलं. आता कमांड कितीही बोंबलो, जॉबचं उत्तर शून्य. डॅशबोर्ड श्रावणासारखा हिरवागार!

एक दिवस अकाउंट्सच्या मॅडमची लेजरची फाइल उडाली. बॅकअप उघडला, तर तिथे ती नव्हतीच. त्या फोल्डरची परवानगी मध्यंतरी कुणीतरी बदलली होती. आरसिंक बिचारा बाकीच्या फाइली नेत होता आणि रोज इमानाने २३ सांगत होता.

"अहो, पण जॉब तर रोज सक्सेस दाखवत होता ना?" मॅडम रडकुंडीला आल्या.

"जॉब सक्सेसच होता, मॅडम," किरकोळराव शांतपणे म्हणाला. "फाइल तेवढी गेली नाही."

तुमच्याकडे असा किरकोळराव असेल, तर त्याला काढू नका. २४ ला इतकं नेमकं ओळखणारा माणूस सहज मिळत नाही. त्या २४ ला त्याला खुशाल माफी देऊ द्या. पण 'ऑर ट्रू' त्याच्याच हातून पुसून घ्या, आणि महिन्यातून एकदा बॅकअपमधली एक फाइल तुमच्यासमोर उघडून दाखवायला सांगा. फाइल कोणती, ते मात्र तुम्ही ठरवा.