आधी पोटोबा

लहानपणी वडगाव मावळला आजोळी गेलो की एक म्हण दरवर्षी माझा घात करायची. 'आधी पोटोबा, मग विठोबा' ही म्हण साऱ्या महाराष्ट्रात भुकेल्याच्या बाजूनं साक्ष देते. वडगावात मात्र ती फितूर होते. कारण तिथल्या ग्रामदैवताचं नावच पोटोबा महाराज. चैत्रात, हनुमान जयंतीच्या सुमाराला त्यांचा उत्सव. त्या दिवशी वेलदोड्याचा वास एखाद्या आगाऊ पाहुण्यासारखा माजघरातून ओसरीपर्यंत हिंडत असायचा. मी चुलीपाशी घुटमळत म्हणायचो, "आजी, आधी पोटोबा!" कटाच्या आमटीत पळी फिरवता फिरवता ती शांतपणे म्हणायची, "तेच तर म्हणतेय मी. आधी पोटोबा. निवद देवळात जाऊन येऊ दे."

निवदाचं ताट परत आलं की मी वरचं केळीचं पान हळूच उचलून बघायचो. पोळी अख्खीच्या अख्खी! तुपाचा थेंबही जागचा हललेला नसायचा. एवढं पोटाचं नाव लावून देव घासभरही जेवत नाही, याचं मला वाईट वाटायचं. आणि खरं सांगायचं तर थोडं बरंही.

मावळ भाताचा मुलूख. दिवाळीच्या आगेमागे भात घरात येतं, मागून हरभरा-वाटाणा निघतो, आणि चैत्रात खळी झाडून ठेवलेल्या अंगणासारखी मोकळी पडतात. बैलांना काम नाही, माणसांना निमित्त हवं. पुढं लोणावळ्याच्या घाटातून पाऊस एकदा आत शिरला की चिखल पाय सोडत नाही. तेव्हा देवांनीही सोय बघूनच तिथी धरल्या असाव्यात. याच चैत्रात कार्ल्याच्या डोंगरावर, बौद्ध लेण्याच्या दाराशी बसलेल्या एकवीरेला भेटायला कोळी बांधव पालखी घेऊन येतात. त्यांचं शेत म्हणजे समुद्र.

देव जेवत नसला, तरी पोटोबाच्या गावानं पोटाचं नाव मात्र राखलं. १७७९च्या जानेवारीत पुण्यावर चालून आलेली इंग्रज फौज याच वडगावात कोंडली गेली. वाटेवरचा दाणागोटा मराठ्यांनी आधीच जाळला होता. पोटोबा कोणाला म्हणतात ते कंपनी सरकारला त्या आठवड्यात कळलं असावं, तह झाला. आणि १९८७ साली इथल्याच भात संशोधन केंद्रातून आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ यांची लेक बाहेर पडली, इंद्रायणी. आईचा सुवास आणि बापाचं उत्पन्न घेऊन ती अख्ख्या महाराष्ट्राच्या ताटात सासरी गेली.

आजी आता नाही. परवा उत्सवाला गेलो, तर माझी नात ताटाशी बसून कुरकुरत होती. मी तोंड उघडण्याआधीच सून म्हणाली, "आधी पोटोबा."

वडगाव स्टेशनवर लोणावळा लोकल थांबते. चैत्रात या. जेवून मात्र येऊ नका. आणि आल्या आल्या ताटावर बसायला मिळेल असंही समजू नका.