तीर्थरूप पालक कंपनीस, पातूरहून साष्टांग

तीर्थरूप आईसाहेब मोन्सॅन्टो,
पूर्वीचा मुक्काम सेंट लुईस, अमेरिका. 2018 पासून बायरच्या घरी, लेव्हरकुसेन, जर्मनी.

साष्टांग नमस्कार, वि. वि. रेणुकामातेच्या कृपेनं पातुरात सर्व खुशाल. मृगाची वाट पाहतो आहोत. कृषी केंद्रात बीटी कपाशीची पाकिटं आली आहेत. सासरी गेल्यावर आपलं नाव बदललं असं ऐकलं, म्हणून पत्र जुन्याच नावानं टाकतो.

आधी आपलं घराणं समजून घेऊ. जालन्याच्या महिको या बियाणे कंपनीशी निम्मी-निम्मी भागीदारी करून आपण ‘महिको मोन्सॅन्टो बायोटेक’ हे लेकरू जन्माला घातलं. वर खुद्द महिकोतही आपला 26 टक्के वाटा होता. म्हणजे लेकराचं अर्धं पालकत्व आपलं, आणि उरलेल्या अर्ध्यातही पाव हिस्सा आपलाच. आमच्याकडे एवढी गुंतागुंत असती तर लग्नपत्रिकेत कोणाचं नाव कुठं घालावं यावरून लग्न मोडलं असतं.

लेकरू मात्र कमावतं निघालं. बोलगार्ड या बीटी तंत्राचा परवाना त्यानं डझनांनी बियाणे कंपन्यांना दिला आणि पाकिटामागे शुल्क लावलं. 2006 साली आंध्र प्रदेश सरकार मक्तेदारीला आळा घालणाऱ्या एमआरटीपी आयोगाकडे गेलं तेव्हा 450 ग्रॅमच्या पाकिटावर हे शुल्क बाराशेच्या घरात होतं. पुढे ते सुमारे 163 रुपयांवर आलं, 2016 मध्ये केंद्र सरकारनं 49 वर आणलं, 2020 मध्ये शून्य केलं. तोवर गुलाबी बोंडअळी बोलगार्ड-2 पचवून बसली होती. फुकट मिळालं तेव्हा औषध उतरलेलं.

आम्ही बियाण्याचे वैरी नाही हो. 10 जून 2019 ला आमच्याच जिल्ह्यात, अकोट तालुक्यातल्या अकोली जहांगीरला, कास्तकारांनी तणनाशक सहन करणारं, परवानगी नसलेलं बियाणं उघडपणे पेरलं. तंत्र हवंच आहे. त्याच्या शुल्काचा नि अटींचा जाब कोणाला विचारायचा, एवढंच कळत नाही.

भारतीय स्पर्धा आयोगाला ते कळलं होतं. 10 फेब्रुवारी 2016 ला त्यानं चौकशीचा आदेश दिला आणि लेकरासोबत आईबापांनाही बोलावलं. कायदाही तसाच आहे: 2002 च्या कायद्यात उद्योग म्हणजे स्वतः किंवा आपल्या उपकंपन्यांमार्फत धंदा करणारा, आणि वर्चस्वाच्या गैरवापराची मनाई उद्योगसमूहालाही आहे. परवान्याच्या अटी जाचक आहेत, असं आयोगाचं प्रथमदर्शनी मत होतं. प्रथमदर्शनीच, बरं का. आरोप सिद्ध झाला असं मी म्हणत नाही. तो खोटा ठरला असंही कोणाला म्हणता येणार नाही, कारण 13 जुलै 2023 ला दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठानं सांगितलं की पेटंटच्या परवान्याचा वाद पेटंट कायद्यात सोडवा, हे आयोगाचं काम नाही. आई जबाबदार की लेकरू, या प्रश्नापर्यंत गाडी पोचलीच नाही.

युरोपात पोचली होती. कृत्रिम रबराच्या किमतींच्या संगनमतात ड्यूपॉन्ट आणि डाऊ यांचं असंच निम्म्या-निम्म्या भागीदारीचं लेकरू सापडलं. आपला कारभार ते स्वतःच पाहतं, असं दोघांचं म्हणणं. (हे दोघंही तेव्हा बियाण्याच्या धंद्यात होते, जगात घराणी थोडीच.) 26 सप्टेंबर 2013 ला तिथल्या न्यायालयानं दोघांचीही जबाबदारी कायम ठेवली: ज्याचा निर्णायक प्रभाव, त्याच्यावर दंड. आमच्या वावरात कोणाचा बैल शिरला तर कोंडवाड्याचे पैसे बैलाकडे मागत नाहीत, तसंच हे.

गंमत पाहा, आईसाहेब. 2018 मध्ये आपण बायरच्या घरी निघालात तेव्हा त्याच भारतीय स्पर्धा आयोगानं अट घातली, की महिकोतला तो 26 टक्के वाटा विका. वाटा मोडायची वेळ आली तेव्हा नातं सगळ्यांना लख्ख दिसलं. नफा वर जाताना आणि घराणी एकत्र येताना आपण एक कुटुंब. दंडाची नोटीस आली की प्रत्येकाची चूल वेगळी, प्रत्येकाचा वकील वेगळा.

कळावे, लोभ असावा.

आपला,
पातूरचा एक कास्तकार

ता. क. मार्च 2024 पासून भारतात स्पर्धा कायद्याखालचा दंड ठरवताना जगभरातली उलाढाल धरता येते. आता ती लेकराची धरायची की घराण्याची, यावर आपले वकील बराच वेळ घेतील. तोवर आपल्या घरचं पासबुक कोणाच्या नावावर आहे, तेवढं उलट टपाली कळवावं.