घासभर

आमच्या घराजवळच्या उडपी हॉटेलात मसाला डोसा येतो तो ताटलीच्या दोन्ही अंगांनी बाहेर डोकावत येतो. रेल्वेच्या वरच्या बर्थवर उंच माणूस झोपला की त्याचे पाय जसे वाटेत लोंबतात, तसा. पूर्वी तो टेबलावर टेकायच्या आत मला एकच प्रश्न पडायचा, याच्यानंतर काय? आता मी त्याच्याकडे नुसता बघत बसतो. काठाकडची तांबूस जाळी, मधल्या भागावर लोणी वितळून पडलेला ओलसर डाग, पोटातून डोकावणारी पिवळी भाजी, हे सगळं एखाद्या डोंगराच्या पायथ्याशी बसून न्याहाळावं तसं न्याहाळतो. मग उजवीकडचं टोक मोडतो, तीन बोटं रुंद. पुढची वीस मिनिटं ते टोक आणि मी.

सव्वा वर्षापूर्वी माझ्या पोटाचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांच्या भाषेत स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी, आमच्या रत्नागिरीच्या आत्याच्या भाषेत ‘ह्यानं पोट कापून घेतलंन्’. दोन्ही वर्णनं बरोबर आहेत. वजन १२८ किलो, रक्तात साखर, गुडघ्यांत कुरकुर आणि झोपेत अडकणारा श्वास, एवढी कारणं पुरेशी होती. त्यांच्यात रमण्यासारखं काही नाही. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. जठराचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग काढून टाकायचा, उरतं ते केळ्याच्या आकाराचं. मी विचारलं, “जळगावचं की वेलची?” डॉक्टर हसले नाहीत. बायकोनं टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. पूर्वीच्या पोटात लीटर-दीड लीटर ऐवज सहज मावायचा. नव्यात सुरुवातीला शंभर-दीडशे मिलीलिटर. म्हणजे एक कटिंग चहा, आणि वर पाहुण्यानं आग्रह केला तर आणखी अर्धा. मराठीत पोट पहिल्यापासून वीतभरच आहे. त्या वीतभर पोटासाठी माणसं परमुलखात जातात, साहेबाचं ऐकून घेतात, खोटं बोलतात. भाषेनं सगळ्यांना सरसकट बहाल केलेलं हे माप माझ्या बाबतीत काही जुळत नव्हतं. ते आता बसवून मिळालं.

भूक लागली की पोटात कावळे ओरडतात, हे आपल्याला शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक असतं. विज्ञानाला त्या कावळ्यांचा पत्ता लागायला १९९९ साल उजाडलं. जपानच्या कोजिमा आणि कांगावा या शास्त्रज्ञांनी घ्रेलिन नावाचं संप्रेरक शोधून काढलं, मेंदूकडे भुकेची वर्दी नेणारं. ते मुख्यतः जठराच्या वरच्या फुगीर भागात तयार होतं आणि या ऑपरेशनमध्ये नेमका तोच भाग जातो. म्हणजे माझ्या डॉक्टरांनी कावळे हाकलले नाहीत, ते बसायचे ती फांदीच उतरवली. पहिले काही महिने आत इतकी शांतता होती, की मे महिन्यात शाळेच्या आवारातून चालल्यासारखं वाटायचं. दुपारचा एक वाजायचा आणि काहीच घडायचं नाही. आपल्या आयुष्यात एक वाजणं ही केवढी घटना होती, हे मला तेव्हा कळलं. आताशा एखाददुसरा कावळा कुठल्याशा तारेवर येऊन बसतो, चोच उघडून काहीतरी पुटपुटतो. मी त्याला हुसकत नाही.

कारण खाणं हा माझा एकुलता एक गुण होता. भावंडांत कोणी गायचं, कोणी गणितात पहिलं यायचं, मी जेवायचो. लग्नाच्या पंगतीत वाढपी माझ्या पानाशी जरा रेंगाळायचे, जिलबीची परात माझ्याकडे येताना उगीच वेग घ्यायची, आणि पलीकडच्या रांगेतून कुणीतरी म्हणायचं, “ह्याला वाढा, हा जेवणारा माणूस आहे.” जेवणारा माणूस! इतर माणसं जेवत नाहीत थोडीच. पण त्या शब्दात एक सनद होती. आत्याच्या घरी मी पाच पुरणपोळ्या खाल्ल्या, की सहावी तव्यावर टाकताना तिचा चेहरा जो फुलायचा, तो तिच्या मुलाला बँकेत बढती मिळाली तेव्हाही मी पाहिला नाही. ऑपरेशननंतर पहिल्यांदा तिच्याकडे गेलो आणि पाव पोळीवर थांबलो. बंद पडलेल्या गिरणीच्या धुराड्याकडे बघावं तसं ती माझ्याकडे बघत राहिली. काही बोलली नाही. तुपाची वाटी तेवढी आत नेऊन ठेवली.

हॉटेलात जायची परवानगी दहाव्या आठवड्यानंतर मिळाली. त्याआधी नारळपाणी, डाळीचं पाणी, मग ताकात कालवलेलं काहीबाही, अशी माझी पुन्हा एकदा मौंज ते गृहस्थाश्रम वाटचाल झाली होती. रविवारची सकाळ होती. इडली मागवली. इडल्या जोडीनं येतात. एकटी इडली मागितली की वेटरच्या चेहऱ्यावर शंका येते. पाऊण इडली खायला मला पंचवीस मिनिटं लागली. बोराएवढा घास, वीस-पंचवीस वेळा चावायचा, चमचा खाली ठेवायचा, गिळल्यावर जरा थांबायचं, असा आहारतज्ज्ञ बाईंचा दंडक. हा दंडक त्यांनी बहुधा पुण्यातल्या रविवारच्या सकाळी हॉटेलात बसून तयार केला नसावा. खुर्चीच्या पाठीशी एक अख्खं कुटुंब जागेसाठी उभं होतं. त्यातल्या आजी माझ्या घासांची चावणी मोजत आहेत असं मला वाटत होतं, आणि माझा आकडा चुकला तर त्या दुरुस्त करतील अशीही भीती होती. वेटर दोनदा ताटली उचलायला आला, दोनदा मी तिच्यावर हात ठेवला. शेवटी सव्वा इडली तशीच राहिलेली पाहून गल्ल्यावरचे अण्णा स्वतः उठून आले. “काय सर, इडली कडक झाली काय?” मी हळू आवाजात ऑपरेशनचं सांगितलं. हळू आवाजात सांगितलेली गोष्ट हॉटेलात सर्वांत लवकर पसरते. शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांनी आपला हर्निया सांगितला, त्यांच्या पत्नीनं पित्ताशयातले खडे सांगितले, मागच्या आजींनी मोतीबिंदू. त्या दिवशी त्या हॉटेलात खाण्यापेक्षा कापाकापीच जास्त झाली. अण्णा जाताना एवढंच म्हणाले, “कमी खावा सर. पण येत जावा.”

म्हणून मी जात राहिलो. नियम मात्र सगळे हॉटेलाच्या प्रकृतीविरुद्ध. पहिला नियम पाण्याचा. जेवताना पाणी प्यायचं नाही, नंतरही अर्धा तास नाही. आणि आपल्याकडे तर माणूस टेकायच्या आत वेटर बोटं बुडवून का होईना, पाण्याचे ग्लास आणून आपटतो. तो ग्लास माझ्यासमोर जेवण संपेपर्यंत समाधी लावून बसतो. दुसरा नियम क्रमाचा. आहारतज्ज्ञ बाई म्हणाल्या, “आधी प्रथिनं, मग भाजी, जागा उरली तर भात.” जागा उरली तर! एसटीच्या कंडक्टरनं दारात उभं राहून म्हणावं तसं. डाळ चढते, पनीर चढतं, कधी सुरमईचा तुकडा खिडकी पकडून बसतो, आणि वरणाशेजारी पहिल्या मानाला बसायची सवय असलेला भात थांब्यावर पिशवी सांभाळत उभा राहतो. पावाला तर बसमध्ये घेतच नाहीत. तो आत जाऊन फुगतो आणि घशाखाली अडकून बसतो. त्यामुळे मी मिसळ चमच्यानं खातो, पावाशिवाय. मिसळीच्या हॉटेलात पावाला नाही म्हणणं म्हणजे देवळात जाऊन चपलांपाशीच नमस्कार करण्यासारखं आहे, पण मटकी खरोखर चांगली लागते.

तिसरा नियम कुणी सांगितलेला नाही, तो शरीरानंच घालून दिला. पोट भरलं की कुणाला उचकी लागते, कुणाचं नाक वाहतं. मला शिंक येते. एकच, खणखणीत. ती आल्यावर आणखी एक घास घेतला तर तो पुढचा तासभर छातीत दगडासारखा बसतो, हे मी दोनदा अनुभवून शिकलो. सगळं सुरळीत चाललेलं असताना कुठे माशी शिंकली, असं आपण विचारतो. माझ्या जेवणात ती कुठे शिंकते हे सगळ्या टेबलाला कळतं. बायको माझ्याकडे न बघता म्हणते, “झालं ह्यांचं,” आणि माझी ताटली स्वतःकडे ओढते. या हालचालीत आता इतकी सफाई आली आहे, की कधी मला नुसती सर्दी झालेली असते आणि ताटली गेलेली असते.

पुतण्याला नोकरी लागली तेव्हा त्यानं आम्हाला अमर्याद थाळीच्या हॉटेलात नेलं. मर्यादा असलेल्या माणसानं अमर्याद थाळीपुढे बसणं यात काहीतरी वेदान्त असावा. तिथले वाढपी पळत वाढतात, आणि ‘नको’ हा शब्द त्यांना ऐकू येत नाही. त्यांचा दोष नाही. आपल्याकडे पहिला ‘नको’ हा नकार नसतोच, ती प्रस्तावना असते. दुसरा म्हणजे शालीनता. तिसऱ्या वेळी पानावर आडवा हात धरला तरी पंगतीतले जुने वाढपी हातावरच कढी ओतायचे. मी दोन्ही हातांची छत्री करून बसलो होतो, तरी बोटांच्या फटीतून एक गुलाबजाम आत आलाच. सात घासांत शिंक आली. घासागणिक हिशेब केला तर साठ-सत्तर रुपये पडले, आणि भिंतीवर दोन पाट्या होत्या : एका थाळीत दोघांनी जेवू नये, आणि ताटात अन्न टाकू नये. या दोन पाट्यांच्या मधोमध माझ्यासारख्याचं सँडविच होतं. अमेरिकेत म्हणे काही दवाखाने अशा रुग्णांना एक छोटं कार्ड देतात, या व्यक्तीचं ऑपरेशन झालं आहे, कृपया तिला कमी अन्न मागवू द्यावं, असं. मी ते कार्ड आमच्या पेठेतल्या एखाद्या मालकापुढे ठेवल्याची कल्पना करून पाहिली. त्यांनी ते चष्मा लावून वाचलं, उलटवून पाठीमागचं पाहिलं आणि परत देत म्हणाले, “हे इथे चालत नाही.”

लहानपणी ऐकलेली द्रौपदीच्या थाळीची गोष्ट मला हल्ली वारंवार आठवते. थाळीला चिकटलेलं भाजीचं एक पान कृष्णानं खाल्लं, आणि तिकडे नदीवर स्नानाला गेलेले दुर्वास आणि त्यांचे शिष्य जागच्या जागी तुडुंब झाले. तेव्हा माझी सगळी सहानुभूती शिष्यांकडे असायची. पोट भरलं, पण चव कुठे मिळाली बिचाऱ्यांना? आता मी पानाच्या बाजूला आहे. मी टोक खातो आणि तृप्त होतात समोरचे, कारण बाकीचा डोसा त्यांच्याकडे जातो. चवीचं म्हणाल तर एक गंमत सांगतो. पंचवीस वेळा चावलेला डोसा आधी आंबट लागतो, मग खमंग, आणि शेवटी शेवटी चक्क गोडसर. पन्नास वर्षं मी डोसे खाल्ले, पण या गोडापर्यंत एकही पोचला नव्हता. सगळे वाटेतच गिळले गेले.

आई असं खायची. महिन्याच्या पहिल्या रविवारी बाबा आम्हाला हॉटेलात न्यायचे. आम्ही चार भावंडं. ऑर्डर पाच जणांची जायची. वेटर आईकडे वळला की ती पदर सावरत म्हणायची, “मला काही नको. ह्यांच्यातलंच घासभर घेईन.” मग थोरल्याच्या डोशाचं टोक, ताईच्या उत्तप्प्यावरचा कांद्याचा तुकडा, धाकट्याची उरलेली चटणी आणि शेवटी बाबांच्या बशीतली दोन घोट कॉफी. फार सावकाश खायची. बोटांच्या चिमटीत धरलेलं ते टोक तिला आमचे डोसे संपेपर्यंत पुरायचं. माझ्या मेदूवड्याकडे तिचा हात आला की मी बशी कोपरानं झाकायचो. एकदा तर “तू स्वतःचा मागव ना,” असं मोठ्यानं म्हणालो होतो. बाबा भिंतीवरच्या दरपत्रकाकडे बघायला लागले. आई हसली आणि ताईच्या बशीकडे वळली. आईची भूक मुळातच कमी, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. तिला पाण्याचा नियम नव्हता, शिंक येत नव्हती, आणि घरी सगळ्यांची पानं उचलल्यावर ती दोन भाकऱ्या खायची, हे मी स्वतः पाहिलेलं आहे.

परवा पुतण्या त्याच्या चार वर्षांच्या मुलीला घेऊन अण्णांच्या हॉटेलात आला होता. तिनं वडा मागवला. मी नुसता हात पुढे केला तर तिनं बशी कोपरानं झाकली. मला इतका आनंद झाला की शिंक यायच्या आधीच पोट भरलं. अण्णांनी पाण्याचा ग्लास न विचारता माझ्यासमोरून उचलून नेला. पार्सलचा डबा हल्ली ते बिलाच्या आधीच पाठवतात.

तुम्ही कधी आमच्या बाजूला आलात तर घरी नको, तिथेच भेटू. रविवार सोडून कुठलाही वार. डोसा तुम्ही मागवा, साधा, मसाला, म्हैसूर, माझी काहीच अट नाही. उजवीकडचं टोक तेवढं मोडू नका.